हबची भोकं मोजू नका

लॅपटॉपच्या एका भोकाची अनेक भोकं करून देणारी डबी म्हणजे हब. त्याच्या खोक्यावर जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, तोच सगळ्यात कमी कामाचा. ‘७ इन १’, ‘९ इन १’, ‘११ इन १’. गिऱ्हाईक त्याला भुलतं, दुकानदारही तिथेच बोट ठेवतो, आणि घरी आणून सगळं जोडलं की कळतं, अकरांतली एका वेळी धड चालणारी चारच. गोव्यातल्या आमच्या फोंड्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणाचीही बॅग उघडा, तळाशी असा एखादा अकरावाला पडलेला सापडेल.

घरचा धंदाच हा असल्यामुळे नातेवाईक, शेजारी, मुलाचे मित्र, सगळे ‘कुठला घेऊ?’ म्हणून मलाच विचारतात. फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आमच्याकडे शूटिंग नवऱ्याचं, कापाकापी माझी. लग्नं, मुंजी, आणि दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की देवळांतली उत्सवी नाटकं. नाटकाच्या रात्री मी लॅपटॉप घेऊन विंगेत असते, कारण हल्ली पडद्यांच्या जोडीला मागे प्रोजेक्टरवर राजवाडा नाहीतर अरण्य हवं असतं, आणि पार्श्वसंगीतही माझ्याच लॅपटॉपवरून मिक्सरला जातं. लॅपटॉप दिसायला देखणा आहे. डावीकडे एक टाइप-सी, उजवीकडे एक टाइप-सी, बास. हेडफोनचं भोकसुद्धा नाही. पातळ करायच्या नादात कंपन्यांनी सगळं काढून टाकलं आणि आपल्याला वेगळा हब विकत घ्यायला लावला. ही चाल २०१५च्या बारा इंची मॅकबुकपासूनची. त्याला हेडफोनचं सोडलं तर चार्जिंगसकट एकच भोक होतं, तेव्हा लोक हसले होते. आता बरेच तसे.

तर पहिली गोष्ट. हब बघायच्या आधी लॅपटॉप बघा. टाइप-सी २०१४ साली आलं, आत चोवीस पिना, उलटसुलट कसंही घाला. पण त्या भोकातून काय काय वाहणार हे ज्या त्या लॅपटॉपवर. काहींतून नुसता डेटा जातो. काहींतून डेटा आणि चार्जिंग. काहींतूनच चित्रसुद्धा बाहेर पडतं. भोकाशेजारी विजेची खूण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे सगळं चालतं. ‘डीपी’ अशी गोलसर खूण असेल तर चित्र जातं. काहीच खूण नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती उघडून ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. माझा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या रूममेटने नवा हब आणला, एचडीएमआय काळं, परत केला, दुसरा आणला, तोही काळा. भाचा मला फोन करून विचारतो, ‘मावशी, हल्ली सगळे हब डुप्लिकेट येतात काय गं?’ म्हटलं, लॅपटॉपचा मॉडेल नंबर पाठव. त्या लॅपटॉपच्या टाइप-सीतून चित्र येतच नव्हतं. त्याला वेगळं एचडीएमआय होतं, पलीकडच्या बाजूला. पोरगं इतके दिवस तिकडे वळलंच नव्हतं.

दुसरं, हब नवी ताकद निर्माण करत नाही. धक्क्यावर गाड्यांच्या रांगा हव्या तेवढ्या लावा, नदी ओलांडायला फेरीबोट एकच. हबला लावलेलं सगळं त्या एका केबलमधून जायचं असतं, आणि कुणाला किती जागा द्यायची हे हब बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. आपण पैसे मोजतो ते त्या वाटणीचे.

ही वाटणी सगळ्यात जास्त कुठे जाणवते, तर मॉनिटरवर. प्रत्येक हबवर ‘४के’ लिहिलेलं असतं. त्याच्यापुढे बारीक अक्षरात ३० हर्ट्झ आहे की ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, ते वाचा. ३० असेल तर चित्र दिसतं, पण माऊसचा बाण हलवला की तो मागे मागे रेंगाळतो, टाइमलाइन ओढताना डोळे दुखतात. व्हिडिओचं काम करणाऱ्याने ३०वाला घेऊच नये. हे का होतं? टाइप-सीच्या केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार वाटा असतात. साधारण हब त्यातल्या दोन चित्राला देतो आणि दोन यूएसबीला. डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर दोन वाटांतून सेकंदाला ८.६४ गिगाबिट एवढंच चित्र जातं, आणि ४के ६०ला बारा गिगाबिटच्या आसपास लागतात. बसत नाही, म्हणून ३०वर उतरतो. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये त्याच दोन वाटांतून १२.९६ गिगाबिट जातात, तिथे कसंबसं बसतं. म्हणजे लॅपटॉप आणि हब दोघंही १.४वाले हवेत, एकट्या हबने भागत नाही.

इथे एक चलाखी आहे. काही हब ४के ६० देतात ते चारही वाटा चित्राला देऊन. मग यूएसबीला उरतं काय? जुनं यूएसबी २, म्हणजे ४८० मेगाबिट. खोक्यावर ४के ६० झळकतं आणि यूएसबीसमोर कोपऱ्यात ‘४८० एमबीपीएस’. मॉनिटर छान दिसतो, हार्ड डिस्क मात्र बैलगाडीगत चालते. तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा, कुठलाही हब चालेल.

आता विजेकडे येते, कारण आमच्या भागात खरा घोळ तिथेच आहे.

हबवर ‘१०० वॅट पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीतून वीज द्यायची पद्धत) लिहिलेलं असतं. याचा अर्थ हब १०० वॅटपर्यंतचा चार्जर सोसतो. त्यातले दहा-पंधरा तो स्वतःसाठी आणि त्याला लावलेल्या वस्तूंसाठी राखतो, उरलेले लॅपटॉपला. तुमचा चार्जर ६५ वॅटचा असेल तर लॅपटॉपला पन्नासच्या आसपास मिळतात, आणि मोठा व्हिडिओ रेंडर करायला लावला तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरताना दिसते. केबलकडेही बघा. साधी टाइप-सी केबल तीन अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतच. त्यावर जायचं तर पाच अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली केबल लावून ‘हब स्लो चार्ज करतो’ म्हणणारे बरेच भेटतात.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. जून लागला की फोंड्यात लाइट जाते-येते. कधी तासभर जाते, ते परवडलं. वाईट म्हणजे डोळा मिचकावल्यासारखी जाऊन येते ती. पंखा जरासा दमतो आणि पुन्हा फिरतो, एवढंच कळतं. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला काही होत नाही. पण चार्जर जर हबमधून लावलेला असेल तर त्या क्षणी हबला मिळणारी वीज तुटते. आता हबने चार्जरकडून घ्यायच्या ऐवजी लॅपटॉपकडून वीज घ्यायची, अशी उलटापालट व्हावी लागते. ही अदलाबदल पुरेशी झटपट करायची सोय पीडीच्या नियमांत आहे, फास्ट रोल स्वॅप म्हणतात तिला. स्वस्त हबांत ती नसते. मग त्या अर्ध्या सेकंदात हबला लावलेलं सगळं बंद पडून पुन्हा चालू होतं. मॉनिटर काळा होऊन परत येतो, माऊस परत येतो. डिस्कवर मात्र त्याच वेळी कुणाच्या तरी लग्नाची फाइल लिहिली जात असते. कॅमेऱ्यावाले बहुतेक जण डिस्क एक्सफॅट (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) करून वापरतात, मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालते म्हणून. एक्सफॅटला नोंदवही नसते. अर्धवट राहिलेलं लिखाण सावरून घ्यायची सोय तिच्यात नाही. एखादी फाइल गेली तर नशीब म्हणायचं, कधी कधी अख्खं फोल्डर रिकामं दिसतं.

म्हणून माझ्या टेबलावर चार्जर उजवीकडच्या भोकात, थेट लॅपटॉपला. हब डावीकडे, त्याला चार्जर नाहीच. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर जातो, हबला लॅपटॉपकडून मिळणारी वीज तशीच चालू राहते, डिस्कला पत्ताही लागत नाही. लॅपटॉपला दोन टाइप-सी असतील आणि दोन्हींतून चार्जिंग होत असेल, तर हब विकणारा काहीही सांगो, असंच करा. एकच भोक असेल तर चार्जर इन्व्हर्टरवर घ्या, आणि इन्व्हर्टरच्या मागचा छोटा खटका ‘यूपीएस’वर आहे ना ते पाहून घ्या. साध्या मोडवर तो वीज बदलायला जास्त वेळ लावतो.

चार्जरशिवाय हब चालवला की एक मर्यादा येते, तीही सांगते. लॅपटॉपच्या भोकातून हबला मोजकीच वीज मिळते. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना जरा जास्त ओढते. दोन एकदम लावल्या की दुसरी टक्-टक् करत बसते. तो आवाज ऐकला की ताबडतोब काढा. आतलं डोकं उतरायचा प्रयत्न करतं आणि वीज कमी पडली म्हणून परत उचलतं, तो तो आवाज. मी कामाची डिस्क आता एसएसडीच ठेवली आहे, फिरत्या डिस्का नुसत्या साठवणीला.

नाटकाच्या रात्रीचं गणित आणखी वेगळं. एका देवळात तालमीला मी हबचं ऑडिओ भोक मिक्सरला जोडलं आणि अख्ख्या मंडपात घुंऽऽ असा आवाज घुमायला लागला. हार्मोनियमवाले बुवा वर बघायला लागले. साउंडवाला शांतपणे म्हणाला, ‘बाय, चार्जर काड, पळोवया.’ चार्जर काढला, आवाज गप्प. दोन पिनांच्या चार्जरमधून किंचित गळती होतेच. ती लॅपटॉपमधून हबमध्ये, हबमधून ऑडिओ केबलच्या जाळीत, आणि तिथून मिक्सरच्या अर्थिंगकडे वाट काढते. जाता जाता स्पीकरमधून ऐकू येते. इलाज दोन. एक फुकटचा, अंक चालू असताना बॅटरीवर राहायचं आणि मध्यंतरात चार्ज करायचं. दुसरा म्हणजे मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावायचा, बोटभर लांबीची डबी असते. मी डबी घेतली, कारण संगीत नाटकाचा पहिला अंक कधी संपेल हे गाणाऱ्यावर असतं. वन्समोअर आला की माझी बॅटरी गेलीच.

ह्याच गळतीमुळे धातूच्या हबला हात लावला की झिणझिण्या येतात. देवळाच्या मंडपात सगळेच अनवाणी, लादी ओलसर, तिथे हे हमखास जाणवतं. हलक्या झिणझिण्या म्हणजे ही गळती. तीन पिनांची वायर आणि खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट मिळाला की जातात. जुन्या घरांत सॉकेट तीन भोकांचा असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हेही पाहिलंय. झटका बसला तर मात्र तो हबचा विषय नव्हे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि हबचं ऑडिओ भोक म्हणजे आत बसवलेलं छोटं वेगळं साउंड कार्डच असतं. हब जोडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन आवाज तिकडे वळवला आहे ना ते बघा, नाहीतर शंखनाद लॅपटॉपच्या स्पीकरमधून वाजतो आणि रंगमंचावरचा राजा वाट बघत राहतो.

वायरलेस माऊस अडखळतो ही तक्रार तर दर दुसऱ्या माणसाची. माऊस बदलू नका. यूएसबी ३ची वस्तू चालू असली की तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, आणि माऊसचा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. हबमध्ये डिस्कच्या शेजारी रिसीव्हर खोचला की बाण उड्या मारणारच. रिसीव्हर साध्या यूएसबीच्या वीतभर एक्स्टेन्शनवर लांब न्या. एक्स्टेन्शन साध्या यूएसबीचं, टाइप-सीचं नव्हे. टाइप-सीचं एक्स्टेन्शन नियमांतच बसत नाही, बाजारात मिळत असलं तरी.

कार्ड रीडरवर माझा जीव जास्त, कारण रोजचं काम त्यावर. यूएचएस-वन, म्हणजे वेगवान जातीचं एसडी कार्ड सेकंदाला ९० मेगाबाइटच्या आसपास वाचता येतं, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड बारा मिनिटांत रिकामं. हबमधला रीडर जुन्या धाटणीचा असेल तर पंचवीसच्या आसपास, तेच कार्ड पाऊण तास. खोक्यावर दोन्हींना ‘एसडी कार्ड स्लॉट’ एवढंच लिहितात. १०४ एमबी असा आकडा किंवा यूएचएस-वनचा रोमन एक दिसला तर घ्या. आणि मोठं कार्ड व मायक्रो कार्ड एकाच वेळी वाचतो का, ते विचारा. पुष्कळ हब एका वेळी एकच वाचतात.

लॅनचं, म्हणजे नेटच्या वायरचं भोक गिगाबिट हवं, १०/१०० लिहिलेलं नको. त्यात एक विचित्र प्रकार आहे, तो भाच्यानेच शोधून काढला म्हणून त्याचं श्रेय त्याला. मधे आमच्या घरचं नेट रात्री आपोआप बंद पडायचं. टीव्ही, फोन, सगळंच. सकाळी मी कामाला बसले की सुरळीत. नेटवाल्याचा माणूस येऊन राउटर बदलून गेला, तरी तेच. तेव्हा एक जुना हब टेबलावर कायमचा ठेवला होता, चार्जर आणि लॅन केबल लावलेली, आणि रात्री मी फक्त लॅपटॉप काढून न्यायची. मालक, म्हणजे लॅपटॉप, गेल्यावरही हबच्या लॅनची चिप जागी राहून ‘थांबा, थांबा’ असे निरोप केबलवर सोडत बसते. पॉज फ्रेम म्हणतात त्यांना. साधा राउटर ते निमूटपणे ऐकतो आणि सगळ्यांनाच थांबवतो. सगळ्या हबांत होत नाही, काहींत होतं. लॅपटॉप काढताना लॅनची केबलही काढा, प्रश्न मिटला.

पावसाळ्यात हब लेन्सच्या डब्यातच ठेवते, सिलिका जेलबरोबर. किनाऱ्याकडे राहणाऱ्यांची भोकं खाऱ्या हवेने हिरवी पडतात, त्यांनी तर ठेवाच. गरम होतो ही तक्रार करू नका, धातूचा हब गरम व्हायचाच. फक्त त्यावर फाइली आणि रुमाल टाकू नका. आणि लॅपटॉप स्टँडवर ठेवत असाल तर हबची केबल निदान टेबलापर्यंत पोचू दे. वीतभर केबलचा हब अधांतरी लोंबतो आणि त्याच्या वजनाने लॅपटॉपचं भोक सैल होतं. हब बदलता येतो, ते भोक बदलायचं म्हणजे मदरबोर्डाला हात.

माझा सध्याचा हब सहा भोकांचा: ४के ६०चं एचडीएमआय, दोन यूएसबी ३, एसडी, गिगाबिट लॅन आणि चार्जिंगचं भोक, जे मी टेबलावर वापरत नाही. आवाजासाठी छोटा वेगळा तुकडा. नवीन हब घेते तेव्हा लॅपटॉप, एक डिस्क आणि एक भरलेलं कार्ड घेऊनच दुकानात जाते. वरच्या बाजारातला दुकानदार आता मला बघूनच काउंटर रिकामा करतो. सगळं एकदम जोडायचं, कार्डावरून डिस्कवर कॉपी लावायची, आणि कॉपी चालू असताना चार्जर लावून काढून बघायचा. कॉपी तुटली तर हब परत खोक्यात. ऑनलाइन मागवलात तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत हेच घरी करा, पण कार्ड असं घ्या की ज्यातलं गेलं तरी चालेल.

साखळी गावात राहणाऱ्या नणंदेला मात्र मी अकरावालाच घ्यायला लावला. ती शाळेत शिकवते, आणि तिच्या वर्गातल्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए सोडून काहीच कळत नाही. ते निळं, पंधरा पिनांचं भोक हल्ली बहुतेक अशा मोठ्या हबांवरच सापडतं. वेगळा व्हीजीएचा तुकडा घेतला असता तर पेनड्राइव्ह लावायला दुसरी काहीतरी सोय करावी लागली असती. तिला ४के नको, लॅन नको, चार्जिंग नको. व्हीजीए आणि एक यूएसबी एवढं ती वापरते, आणि उरलेल्या भोकांना तिने खडूची धूळ जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली आहे.